हंसांची पंगत

सॅक्सनीच्या राजाने इ. स. १७१७ मध्ये आपले ६०० घोडेस्वार शेजारच्या प्रशियाच्या राजाला देऊन टाकले आणि त्यांच्या बदल्यात १५१ भांडी घेतली. भांडी सोन्याची नव्हती, चांदीचीही नव्हती. चिनी मातीची होती. प्रशियाच्या राजाला सैन्याचे वेड, सॅक्सनीच्या राजाला भांड्यांचे. सौदा पुरा झाल्यावर समोरच्याला चांगले गंडवले, असे दोघांनाही वाटले असेल. त्या घोडेस्वारांच्या पलटणीला प्रशियात पुढे ‘पोर्सेलीनची पलटण’ असेच टोपणनाव पडले, आणि भांड्यांतले पुरुषभर नव्हेत तरी मुलाच्या उंचीचे निळे-पांढरे कलश ड्रेस्डेनच्या संग्रहालयात ‘ड्रॅगून कलश’ या नावाने अजून उभे आहेत. ड्रॅगून म्हणजे घोडेस्वार. वर्गात ही गोष्ट सांगितली की सारी मुले हसतात, पण मागच्या बाकावरची एखादी मुलगी हमखास विचारते, “बाई, इतकं काय होतं हो त्या भांड्यांत?” प्रश्न साधा आहे. त्याचे उत्तर मात्र तासाच्या घंटेपूर्वी संपत नाही.

या राजाचे नाव ऑगस्टस. सॅक्सनीचा इलेक्टर, म्हणजे सम्राट निवडण्याचा हक्क असलेला मोठा संस्थानिक, आणि शिवाय पोलंडचा निवडून आलेला राजा. अंगात ताकद मोठी, म्हणून लोक त्याला बलाढ्य ऑगस्टस म्हणत. आपल्याला पोर्सेलीनचा रोग जडला आहे, हे तो स्वतःच कबूल करी. रोग त्याच्या एकट्याचा नव्हता. तो सगळ्या युरोपला जडला होता. पोर्तुगीजांनी आणि मागाहून डच लोकांनी चीनची भांडी गलबते भरभरून नेली. पातळ, पांढरीशुभ्र, उजेडासमोर धरली तर पलीकडच्या बोटांची सावली दिसावी अशी, आणि नखाने टिचकी मारली तर घंटेसारखी वाजणारी! युरोपातल्या कुंभारांची भांडी जाड, मातकट. वरचा मुलामा उडाला की आतली तांबूस माती उघडी पडे. ही पांढरी माती कोणती आणि ती भाजतात कशी, हे त्या खंडात शेकडो वर्षे कोणालाही उमगले नाही. आपल्या भाषेत ‘चिनी माती’ हा शब्द इतका रुळला आहे की लोणच्याची बरणी कोठारातून काढताना चीन देश कोणाच्या मनातही येत नाही. तिकडे मात्र ते एक गूढ होते, आणि त्या गुढापायी एका माणसाच्या आयुष्याचे मातेरे झाले.

योहान फ्रीडरिश ब्योट्गर हा बर्लिनमधल्या एका औषधविक्याकडचा उमेदवार. वय १९. किमयेने सोने करून दाखवतो, असा त्याचा बोलबाला झाला, तो १७०१ मध्ये. प्रशियाच्या राजाने त्याला पकडायचे ठरवताच पोराने सॅक्सनीत पळ काढला. आणि आगीतून फुफाट्यात पडला. ऑगस्टसला सोन्याची गरज अधिक होती. त्याने ब्योट्गरला कैदेत ठेवले, सामग्री दिली, पहारे दिले आणि सोने कर म्हणून सांगितले. एकदा तो पळालाही. ऑस्ट्रियात सापडला आणि पुन्हा कोठडीत आला. सोने काही होईना. त्याच्यावर देखरेख करणाऱ्यांत चिर्नहाउस नावाचा एक विद्वान होता. गणिती, प्रचंड भिंगांनी सूर्यकिरण एकवटून धातू आणि माती वितळवण्याचे प्रयोग करणारा. त्याने या पोराला सोन्याकडून मातीकडे वळवले. ड्रेस्डेनच्या तटाखालच्या दमट तळघरात, भट्टीच्या धुरात, हे काम चालले. प्रथम तांबडे कठीण भांडे साधले. मग जानेवारी १७०८ मध्ये, माती आणि अलाबास्टर यांच्या निरनिराळ्या प्रमाणांच्या नमुन्यांतून, भट्टीतून पांढरे, उजेड आरपार जाऊ देणारे तुकडे निघाले. चिर्नहाउस त्याच वर्षी वारला. शोध खरा कोणाचा, यावर जर्मन पंडित अजून भांडतात. मला वाटते, एकाने वाट दाखवली आणि दुसऱ्याने हात पोळले.

इथे जरा वाकडी वाट करते, कारण ती आपल्या अंगणातून जाते. ज्या वर्षांत ब्योट्गर कोठडीत सोने शोधत होता, त्याच १७०१ ते १७०८ या वर्षांत त्याच ड्रेस्डेनमध्ये डिंगलिंगर नावाचा राजाचा जवाहिऱ्या एक खेळणे घडवत होता. सोने, मिना आणि सुमारे पाच हजार हिरे लावून केलेला औरंगजेबाचा दिल्लीदरबार! बादशहाचा वाढदिवस, सिंहासन, नजराणे घेऊन आलेले सरदार, हत्ती, उंट. ते आजही तिथे पाहायला मिळते. गंमत ही की खरा औरंगजेब तेव्हा दिल्लीत नव्हताच. वीस वर्षांहून अधिक काळ तो आमच्या दख्खनेत मराठ्यांच्या मागे उन्हातान्हात वणवण करत होता, आणि ते खेळणे पुरे व्हायच्या आधी, १७०७ मध्ये, अहमदनगरजवळ मरूनही गेला. ड्रेस्डेनच्या राजाला हे ठाऊक असते तरी त्याने दरबारातला एक हिरा कमी केला नसता. त्याला वैभवाचे चित्र हवे होते, बातमी नको होती. पुढच्या सगळ्या कथेत हा स्वभाव ध्यानात ठेवावा.

मूळ वाटेवर येते. २३ जानेवारी १७१० रोजी कारखान्याची घोषणा झाली, आणि त्याच उन्हाळ्यात तो माय्सेन गावच्या टेकडीवरल्या आल्ब्रेख्ट्सबुर्ग किल्ल्यात हलवला. किल्ला का? तर गुपित बाहेर जाऊ नये म्हणून. हे गुपित असे. केओलिन नावाची पांढरी माती कितीही तापवली तरी वितळत नाही. तिच्यात वितळणारा दगड, आधी अलाबास्टर आणि पुढे फेल्डस्पार, कुटून मिसळायचा. तेराशे-चौदाशे अंश उष्णतेत हा दगड काचेसारखा पाघळतो आणि मातीच्या कणाकणांमधली जागा भरून काढतो. एक हाडासारखा उभा राहतो, दुसरा मांसासारखा भरतो. भाजताना वस्तू जवळजवळ एक षष्ठांशाने आटते, वाकते, तडकते. भट्टी उघडेपर्यंत काय हाती लागेल याचा नेम नाही. एवढे जाणणाऱ्यांवर पहारे असत, तरी १७१९ मध्ये एक जाणता कारागीर व्हिएन्नाला फुटलाच. ब्योट्गरला १७१४ मध्ये स्वातंत्र्य मिळाले. धुराने आणि दारूने तो तोवर खंगला होता. १७१९ मध्ये, सदतिसाव्या वर्षी, तो मेला. सोन्याची आशा राजाने अखेरपर्यंत सोडली नव्हती, आणि त्या माणसाने सोन्याहून मोलाची वस्तू हातात ठेवली आहे हे समजायला त्याला बराच वेळ लागला.

पोर्सेलीन जन्मले, पण ज्याला रोकोको म्हणतात ते नटवे रूप त्याला अजून यायचे होते. हा शब्द फ्रेंच ‘रोकाय’वरून आला. बागेतल्या कृत्रिम गुहांना शिंपले, खडे चिकटवून जी नक्षी करीत तिचे ते नाव. त्या नक्षीचा प्राण म्हणजे शिंपल्याची वळलेली कड. सरळ रेघ कुठे नाही; दोन्ही बाजू सारख्या नाहीत; पान कुठे संपते आणि लाट कुठे सुरू होते ते कळू नये. दगडात किंवा लाकडात ही वळणे कोरावी लागतात. ओल्या मातीत ती आपसूक येतात. म्हणून मला वाटते, रोकोकोला त्याचे खरे शरीर पोर्सेलीनमध्ये लाभले.

ते घडवणारा हात योहान योआखिम केंडलर याचा. हा दगडाचा मूर्तिकार; १७३१ मध्ये माय्सेनला आला आणि १७७५ मध्ये मरेपर्यंत तिथेच राबला. आरंभी राजाच्या हौसेखातर जनावरे घडवण्याचे काम होते. केंडलरच्या आधीच्या किर्श्नर या मूर्तिकाराने एक गेंडा केला होता, त्याच्या खांद्यावर एक जादा शिंग आहे! कारण नमुना होता ड्यूररच्या १५१५ मधल्या चित्राचा, आणि ड्यूररने गेंडा कधी पाहिलाच नव्हता. ऐकीव वर्णनावरून काढला होता. तो मूळ गेंडा गुजरातच्या सुलतानाने गोव्याच्या आल्बुकर्कला दिलेला आणि गोव्याहून जहाजाने लिस्बनला गेलेला. तेव्हा त्या पांढऱ्या गेंड्याचे आजोळ आमच्या कोकणकिनाऱ्याला लागते, म्हणायला हरकत नाही.

ऑगस्टस १७३३ मध्ये वारला. मुलगा गादीवर आला, तो चित्रांचा आणि शिकारीचा शौकीन; राज्य हळूहळू हाइनरिश फॉन ब्र्यूल या मंत्र्याच्या हाती गेले. आपल्याकडचे वाचक या जातीच्या कारभाऱ्याला ओळखतात: धन्याला त्रास पडू देत नाही, आणि खजिन्याला आराम पडू देत नाही. कारखान्याची देखरेख त्याच्याकडेच, आणि हवे ते पोर्सेलीन फुकट नेण्याची मुभाही त्यालाच. त्याचा प्रतिस्पर्धी सुल्कोव्स्की याने स्वतःसाठी मोठा भोजनसंच करवला होता. सुल्कोव्स्की १७३८ मध्ये दरबारातून गेला. ब्र्यूलचा संच तेव्हा घडत होता. १७३७ ते १७४२ या काळात केंडलर आणि त्याचा सहकारी एबरलाइन यांनी ब्र्यूलसाठी जी भांडी केली, ती २२०० हून अधिक भरली. शंभर माणसांची पंगत उठेल इतकी. तोच हा प्रसिद्ध ‘हंससंच’.

एक साधी ताटली घ्या. कडेपासून मध्यापर्यंत शिंपल्याच्या पन्हाळी उमटलेल्या. त्यांवर, मातीतच किंचित उठावाने, पाण्यात पोहणारे दोन हंस, बाजूला लव्हाळी, चोचीत मासा धरलेला एक बगळा आणि वरून उतरणारा दुसरा. सगळे पांढऱ्यावर पांढरे. रंग तेवढा काठाला: इथे तिथे विखुरलेली फुले, सोन्याची कड आणि ब्र्यूल व त्याची पत्नी यांची कुलचिन्हे. दुरून पाहिले तर कोरी ताटली. तिरप्या उजेडात, मेणबत्तीच्या हलत्या ज्योतीत धरली की पाणी हलू लागते. आणि ती वाढलेली असताना तर हंस दिसतच नाहीत. रस्सा कमी होत जातो तसे तळातून ते वर येत असतील. मोठ्या सूपपात्रांवर मत्स्यकन्या, शिंगे फुंकणारे जलपुरुष, मगरमाशांवर बसलेली बाळे. चहाची किटली तर हंसाच्याच आकाराची. शिंपल्यांची वळणे हुबेहूब यावीत म्हणून केंडलर दरबारच्या निसर्गसंग्रहात बसून खरे शिंपले पाहून आला होता.

हंस का, पाणी का? ‘ब्र्यूल’ या नावाचा जर्मन अर्थच पाणथळ जमीन. म्हणजे पाहुण्याने जिथे म्हणून चमचा घालावा तिथे यजमानाचे नाव! शिवाय शिंपला म्हटला की त्यातून वर आलेली प्रेमदेवता आठवणार, हंस तिच्या रथाला जुंपलेले. आपला हंस दूध आणि पाणी वेगळे करतो, सरस्वतीला पाठीवर घेतो, नळाचा निरोप दमयंतीला सांगतो. विवेकाचे काम त्याच्याकडे. ब्र्यूलच्या हंसांना विवेक कोणी विचारला नव्हता. त्यांनी सुखाने पोहावे, एवढीच अपेक्षा.

पण या चिन्हांहून मला खुद्द मातीचे चिन्ह अधिक बोलके वाटते. श्रीमंताच्या घरी चांदीची ताटे असतात, ती केवळ शोभेला नव्हे. चांदी म्हणजे अडीनडीची पुंजी. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६८९ मध्ये लढाईच्या खर्चासाठी आपले चांदीचे सामानसुमान वितळवून नाणी पाडली. आपल्याकडेही गहाण पडलेल्या चांदीच्या ताटांच्या कथा घरोघर आहेत. पोर्सेलीनला वितळवता येत नाही. फुटले की त्याची किंमत शून्य. त्याचे सारे मोल त्याच्या अखंडपणात, आणि अखंडपणा एका नोकराच्या निसटत्या बोटांवर अवलंबून. अशा २२०० वस्तू मांडून जो जेवायला बसतो, तो पाहुण्यांना सांगत असतो की मला अडीनड येणारच नाही. चांदी म्हणते, माझ्याजवळ पैसा आहे. पोर्सेलीन म्हणते, मला पैशाचा विचार करावा लागत नाही. (आमच्या आज्यांच्या सोवळ्यातही या मातीला थारा नव्हता, तो वेगळ्या कारणाने. धातूचे भांडे चिंच-राखेने शुद्ध होते. मातीचे एकदा विटाळले की टाकायचेच. चहाच्या कपबशा म्हणूनच किती तरी दिवस स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर राहिल्या.)

आणि तो पांढरा रंग! नवख्याला वाटते, फुलाफुलांनी भरलेली ताटली महाग आणि कोरी स्वस्त. त्या काळी पुष्कळदा उलट असे. भट्टीतून निघालेल्या भांड्यावर काळा ठिपका, बारीक फोड राहिली तर चितारी तिच्यावर नेमकी एखादी माशी, भुंगा किंवा सुटी पाकळी रंगवून टाकी. संग्रहालयात अशी एकटीच, भलत्या जागी बसलेली माशी दिसली की तिच्याखाली काय दडले असेल ते ओळखावे. हंससंचाच्या ताटल्यांवर लपवायला जागाच फारशी नाही. पांढऱ्याला पांढरे ठेवण्याची ती मिजास आहे.

जेवण संपून गोडाचे पदार्थ आले की टेबलाचे रूप पालटे. पूर्वी दरबारी हलवाई साखरेची देवळे, बागा, माणसे करून मधोमध मांडत. आपल्या संक्रांतीच्या हलव्याच्या दागिन्यांची आठवण व्हावी असे ते काम. केंडलरच्या काळात साखरेची जागा पोर्सेलीनने घेतली, आणि गंमत म्हणजे या नव्या बाहुल्या पुष्कळ दिवस हलवाईखान्याच्याच ताब्यात राहिल्या. धनगरणी, माळी, विदूषक, फेरीवाले, तुर्क, चिनी. ज्यांनी दिवाळीत अंगणात किल्ला केला आहे त्यांना हा खेळ नवा नाही. आपणही अळीव पेरून रान उगवतो, त्यात मातीची गवळण, वाघ, मावळे मांडतो. गवळण मावळ्यापेक्षा मोठी असते आणि वाघ बुरुजाएवढा, तरी कोणाची तक्रार नसते. फरक एवढाच की आपला किल्ला पोरे करतात आणि त्यात सिंहासनावर महाराज असतात. ब्र्यूलच्या टेबलावर राज्य करणारेच धनगरांची चित्रे मांडून बसले होते. खऱ्या धनगराच्या पायाची धूळ त्यांनी दिवाणखान्यात येऊ दिली नसती. ही धनगरण मात्र रेशमी घागऱ्यात, गुलाबी गालांनी, एक पाय पुढे टाकून, मेंढीला फीत बांधून उभी. या बाहुल्यांवर त्याच काळात टीका झाली. ड्रेस्डेनजवळ काही वर्षे राहिलेला कलापंडित विंकलमान याने पोर्सेलीनच्या बहुतेक मूर्तींना हास्यास्पद बाहुल्या ठरवले. तो ग्रीक संगमरवराचा उपासक. त्याला या नखऱ्यांचा वीट येणारच.

मला विंकलमानचे म्हणणे अर्धेच पटते. एकदा शाळेची सहल घेऊन हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात गेले होते; तिथे युरोपी पोर्सेलीनची दालने आहेत. मुली काचेला नाक लावून उभ्या. त्यांना ऑगस्टस ठाऊक नव्हता की ब्र्यूल नव्हता. बोटभर उंचीच्या बाईच्या घागऱ्याला मातीची जाळी कशी केली, एवढेच त्या एकमेकींना विचारत होत्या. (खरी जाळीदार झालर मातीच्या रबडीत बुडवून लावतात, भट्टीत सूत जळते आणि जाळी उरते. ही युक्ती थोडी पुढच्या काळातली.) हसण्यावारी नेण्यासारखे त्या पाहण्यात काही नव्हते. नखरा धन्याचा असतो. हात कारागिराचा असतो, आणि मुली त्या हाताकडे पाहत होत्या.

धन्याचे काय झाले ते सांगायचे राहिले. ब्र्यूलच्या कारभारात सॅक्सनीचे कर्ज वाढत गेले आणि फौज आटत गेली. ऑगस्ट १७५६ मध्ये प्रशियाचा फ्रेडरिक चालून आला. हा त्याच घोडेस्वार घेणाऱ्या राजाचा मुलगा. पिर्नाजवळ कोंडलेल्या सुमारे १८,००० सॅक्सन सैन्याने ऑक्टोबरात शस्त्रे खाली ठेवली, आणि फ्रेडरिकने त्यांना सरळ आपल्या पलटणींत भरती करून टाकले. बापाने ६०० विकत घेतले होते; मुलाने बाकीचे फुकट नेले. राजा आणि ब्र्यूल वॉर्साला निघून गेले. माय्सेनचा कारखाना फ्रेडरिकच्या हाती पडला. आणि त्याने काय करावे? ज्या साली इकडे पानिपत झाले, त्या १७६१ मध्ये, लढाईच्या धामधुमीत त्याने आपल्या सेनानींना नजर करण्यासाठी स्वतः नमुने सुचवून भोजनसंच करवून घेतले. रोग संसर्गजन्य होता हेच खरे! १७६३ मध्ये त्याने बर्लिनचा पोर्सेलीनचा कारखानाही विकत घेतला.

ब्र्यूलवर त्याचा विशेष दात. फ्योर्टेन गावचा त्याचा वाडा १७५८ मध्ये फ्रेडरिकच्या हुकुमाने जाळला गेला. हंससंच मात्र बचावला. ऑक्टोबर १७६३ मध्ये आधी राजा आणि तीन आठवड्यांनी ब्र्यूल वारला. पुढे जवळजवळ दोनशे वर्षे ती भांडी त्याच्या वंशजांकडे फ्योर्टेनला राहिली. काही निरनिराळ्या संग्रहालयांत गेली, काही फुटली. १९४५ मध्ये युद्धाचा लोंढा त्या गावावरून गेला तेव्हा उरलेला संच पांगला आणि पुष्कळसा चुरला गेला. वाड्याच्या बागेत मागाहून त्याचे तुकडे सापडले. सरहद्द सरकली, फ्योर्टेनचे आता ब्रोडी झाले आहे आणि ते पोलंडमध्ये आहे. वाचलेल्या ताटल्या आज ड्रेस्डेन, वॉर्सा, लंडन, न्यूयॉर्क अशा विखुरल्या आहेत. एकेका काचेमागे दोन किंवा चार.

माय्सेनचा कारखाना किल्ल्यातून एकोणिसाव्या शतकात खाली गावात आला, तो चालू आहे. केंडलरच्या नमुन्यांवरचे साचे तिथे जपून ठेवले आहेत. हंसांची ताटली हवी असे कोणी कळवले तर ती आजही काढून देतात. दोन्ही हंस, लव्हाळी आणि चोचीत मासा धरलेला तो बगळा, सगळे जिथल्या तिथे. मागे निळ्या रंगात दोन तलवारींची खूण असते.